धडाडी आहे, पण शेजाऱ्यापेक्षा वेगळं काय?

नमस्कार ताई,

मुलगा बी.कॉम. झालाय, बँकेच्या परीक्षा सोडून वडिलांच्या कोल्हापुरी चपलांच्या धंद्यात उतरायचं म्हणतोय, ऑनलाइन विकायचंय, कर्जालाही तयार आहे. ‘एवढी धडाडी पुरेल का?’ असं तुम्ही विचारलंय.

एकटी धडाडी नाही पुरत. धंद्याला ती लागतेच, पण ती कुठे खर्ची पडते ते बघा. शेजारच्यापेक्षा ५० रुपयांनी स्वस्त विकण्यात गेली, तर तो उद्या ६० उतरवेल. आणि रेक्झिनच्या नकली चपलेशी भावात हाताचं काम जिंकत नाही.

२०१९ मध्ये कोल्हापुरीला जीआय मानांकन (म्हणजे ठरावीक भागातल्याच मालाला ते नाव लावता येतं, असा कायदेशीर शिक्का) मिळालं, ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. नकलेपुढे त्याचा आधार आहे, म्हणून अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी जरूर करा. पण तुमच्याच गल्लीतल्या दुसऱ्या कारागिरालाही ती करता येते.

तुमचं स्वतःचं वेगळेपण तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात. मुलाचे वडील गिऱ्हाइकाचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने आखतात, रुंद पायाला अंगठा सैल ठेवतात, वेणी तुटली तर वर्षानंतरही ओवून देतात. ताई, हीच तुमची खरी कमाई आहे! ऑनलाइन घेणाऱ्याला धास्ती असते ती चप्पल चावण्याची, माप चुकण्याची. गिऱ्हाइकाने घरी पाय आखावा, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो पाठवावा, अशी पद्धत मुलाने बसवावी. सुरुवातीला २० जोडच विकावेत. किती परत आले, का आले, ते वहीत टिपावं. कर्जाचं मग बघू.

आणि तो स्वतः तळ शिवायला बसलाय का कधी? काही महिने बसू दे. हाताला कातडं कळलं नाही, तर गिऱ्हाइकाच्या तक्रारीवर तो काय बोलणार?

पुण्याच्या दुकानदारांकडे पैसे अडकतात म्हणता. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट होते, ती आधी करा, माल त्यानंतर द्या. नोंदणी असलेल्या लहान उत्पादकाचे पैसे, लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर व्याज मागता येतं. मुलाची धडाडी इथे वापरा, वडिलांना मागायला संकोच वाटतो तिथे त्याला पाठवा.

२० जोडांची वही भरली की मला कळवा.