वाचक विचारतात : ऑफिस डोक्यातून उतरत नाही

प्रश्न : मी फोर्टमधल्या एका बँकेत आहे. डोंबिवलीला घरी पोचेपर्यंत साडेआठ होतात. डोक्यात ऑडिट आणि राहिलेल्या फायली. मुलगी काही सांगायला आली की मी खेकसतो. तासभर मोबाइल बघत पडतो, तरी हलकं वाटत नाही. — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पडून राहिल्याने अंगाचा शीण जातो, अर्धवट काम मनातून जात नाही. मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या २०११ मधल्या प्रयोगांत असं दिसलं, की काम संपलं नसलं तरी ते केव्हा आणि कसं करायचं हे पक्कं ठरलं की त्याचा विचार मधेमधे टोचत नाही. तेव्हा उपाय घरी नव्हे, बँकेतच सुरू करा. शेवटची दहा मिनिटं राखून कागदावर तीन-चार ओळी लिहा. 'ऑडिटचं बघायचं' एवढ्याने भागत नाही, कारण त्यात नेमकं काय करायचं हेच ठरलेलं नसतं. 'उद्या सव्वादहाला कर्जखात्यांच्या सहा फायली काढून केवायसी तपासायचं, कागद कमी असतील त्या खातेदारांना दुपारी तीनला फोन' असं लिहा. तो कागद ड्रॉवरमध्येच ठेवा. खिशात आणलात तर लोकलमध्ये उघडाल.

लोकलमध्ये ठाण्यापर्यंत कामाचे विचार आले तर येऊ द्यात; साहेबांना नावं ठेवायची तीही तिथवरच. ठाणं सुटलं की चार आकडे मोजत नाकाने श्वास आत आणि सहा मोजत बाहेर. मिनिटाला साधारण सहा श्वास, असं पाच मिनिटं. हँडल धरून उभ्यानेही जमतं. बरेच जण छाती फुगवून जोरात श्वास घेतात आणि मग गरगरतं, बोटांना मुंग्या येतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झाल्याने तसं होतं. अशा वेळी मोजणं सोडा, नेहमीसारखा श्वास घ्या.

घरात शिरताना मुलीला वेळ सांगा : 'हातपाय धुऊन, कपडे बदलून पंधरा मिनिटांत आलो.' आणि पंधराव्या मिनिटाला खरंच जा. त्या वेळात मोबाइल नको, बँकेचा ग्रुप त्यातच आहे.

प्रश्न : मी घरूनच काम करते. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर असतो, काम कधी संपतं तेच कळत नाही. — एक वाचक, कोथरूड

उत्तर : लॅपटॉप मिटून तिथेच ठेवलात तर तो मिटलेला नाही. चार्जरसकट बॅगेत घाला, बॅग कपाटात. मग चप्पल घालून दहा-पंधरा मिनिटं बाहेर चक्कर मारून या, म्हणजे ऑफिसातून घरी आल्यासारखं होईल. येताना कोथिंबीर आणलीत तरी चालेल. ऑफिसचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप अर्काइव्ह करा. नवा मेसेज आला तरी तो वर येत नाही. मात्र वरिष्ठांना आधीच सांगून ठेवा, 'सातनंतर तातडीचं असेल तर फोन करा.' हे सांगितलं नाही तर 'काही आलं असेल का' म्हणून हात पुन्हा फोनकडे जातो.

प्रश्न : शिफ्ट रात्री अकराला संपते. बारापर्यंत घरी येतो, पण दोनपर्यंत झोप नाही. एखादा पेग घेतला तर? — एक वाचक, हिंजवडी

उत्तर : पेगने डोळा लवकर लागतो, पण पहाटेची झोप तुटते. पेग नको. आधी कॉफीचं बघा. निम्मं कॅफिन शरीराबाहेर जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे आठचा कप एक वाजताही निम्मा अंगात असतो. शेवटची कॉफी पाचच्या आत. घरी आल्यावर दहा मिनिटं कोमट पाण्याने आंघोळ करा, मग वरणभातासारखं हलकं जेवण. आंघोळीनंतर हातापायांतून उष्णता बाहेर पडते, शरीर आतून थंड होतं आणि झोप सोपी होते. म्हणून झोपण्याच्या तासभर आधी ती उरका. अंथरुणात पाठ टेकल्यावर खांदे कानांकडे ओढून पाच सेकंद ताठ धरा, मग वीस सेकंद सैल सोडा. असंच मुठी, जबडा, पोटऱ्या. पोटरीत गोळा येत असेल तर ती हलकेच ताणा. वीसेक मिनिटं झोप नाहीच आली तर उठून मंद दिव्यात बसा, जांभई आली की परत आडवे व्हा.

तीन-चार आठवडे हेच चालू राहिलं, किंवा जेवणावरची वासनाच उडाली, तर डॉक्टरांना दाखवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, तुमच्या शिफ्टनंतरही चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.