आपण याच मंडळीचे का?

प्रश्न : आम्ही दारव्हा तालुक्यातले, पिढ्यान्‌पिढ्या फ्री मेथॉडिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचे. मुलगा नागपूरला शिकायला गेला आणि तिथल्या एका पेन्टेकोस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या, मंडळीत (चर्चमध्ये) रमला. सुटीत आला तेव्हा म्हणाला, "आई, तुझं चर्च तू निवडलंस कुठं? आजोबांचं होतं म्हणून तुझं." आता मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतो म्हणतो. मला काही बोलता आलं नाही. – एक आई

उत्तर : ताई, पोरगं खोटं बोलत नाही. वऱ्हाडात कोण कोणत्या मंडळीचा, हे बरंचसं जिल्ह्यावरून ठरलं. एकाच्या वावरात दुसऱ्यानं वखर घालू नये, तसा मिशनांनी मुलूख वाटून घेतला होता. यवतमाळ फ्री मेथॉडिस्टांकडे, अकोला-खामगाव ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सकडे, बुलडाणा चर्च ऑफ द नाझरीनकडे. माझी आजी सरळ सांगायची, "आपल्या गावात जो सायब आला, त्याचे आपन." तिची धाकटी बहीण मूर्तिजापूरकडे दिली, ती अलायन्सची झाली. त्यासाठी कोणी धर्मशास्त्र उघडून बसलं नाही.

पण आलो कसे हे झालं. राहिलो का, ते वेगळं. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरातच सहा चर्चं एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रिटिश मेथॉडिस्ट त्यात गेले. आपले गेले नाहीत. म्हणजे निवडायची वेळ आपल्यावरही आली होती.

मी का राहिले, ते माझ्यापुरतं सांगते. ही आपली फ्री मेथॉडिस्ट मंडळी 1860 साली अमेरिकेत वेगळी झाली, ती गुलामगिरीला विरोध आणि देवळातले बाक पैसेवाल्यांना भाड्यानं देण्यावरच्या भांडणातून. (आमच्या देवळात बाक नव्हतेच, सतरंजी होती. भांडायला जागाच नव्हती.) वार्षिक परिषदेत पाळकांच्या बरोबरीनं सामान्य सभासदही मत देतात. माझे वडील चौथी शिकलेले, तरी तिथं उभे राहून पाळकसाहेबांच्या विरुद्ध बोलून आले.

आणि हंगामाचा सण. कोणी ज्वारी आणतं, कोणी पहिल्या वेच्याचा कापूस, कोणी भोपळा, आणि उपासना झाली की लिलाव. आमच्या एका काकूंनी स्वतःच अर्पण केलेली कोंबडी बोली लावून परत नेली, दुप्पट पैसे मोजून, कारण कापायला दुसऱ्याच्या हाती जाईल हे त्यांना सोसवेना. कोंबडी मात्र सबंध प्रार्थनाभर ओरडत होती. आता असं काही दुसऱ्या मंडळीत होत नाही असं नाही. पण ती माणसं माझी आहेत, आणि हे कारण मला कमी दर्जाचं वाटत नाही. तुमचा मुलगा तरी तिकडं पहिल्यांदा गेला तो कोणा मित्राच्या गाडीवर बसूनच ना?

बाप्तिस्म्याचं म्हणाल तर आपल्याकडे दोन्ही चालतं. तान्ह्या लेकराला आणा किंवा तो मोठा होईपर्यंत थांबा. पाणी शिंपडा किंवा बुडवा. पेन्टेकोस्टल मात्र विश्वास धरल्यावरचा, बुडवून दिलेलाच बाप्तिस्मा मानतात. त्याला दुसऱ्यांदा घ्यावासा वाटतो तो त्यामुळे. मला ते पटत नाही. लहानपणी झालेला पुरे. पण तो सज्ञान आहे, त्यावरून घरात अबोला धरू नका.

एका रविवारी त्याच्याबरोबर तिथं जाऊन बसा. गाणी मोठ्यानं असतील, डोकं दुखेल. पाळक कोण नेमतं आणि हिशेबाची वही कोण तपासतं, एवढं विचारून या. परत आल्यावर आपल्या मंडळीतही विचारा.