नाचणारा एक, गाणारा दुसरा

प्रश्न: शाळेच्या शेवटच्या वर्षांत बोनी एम या डिस्को बँडच्या कॅसेट आम्ही फीत झिजेपर्यंत ऐकल्या. परवा भाच्याला जुना व्हिडिओ दाखवत होतो. ‘हा नाचतोय ना, त्याचा खर्जातला आवाज ऐक!’ तर तो म्हणतो, ‘मामा, हा गातच नव्हता.’ मग इतकी वर्षं मी कुणाचा आवाज ऐकत होतो?

उत्तर: भाच्यावर रागावू नका, त्याचं बरोबर आहे. तो आवाज फ्रँक फारियन या जर्मन निर्मात्याचा. 1975 साली बोनी एम हे नाव लावून पहिली तबकडी निघाली, तेव्हा बँड नव्हताच. स्टुडिओत फारियन एकटा, खालचा आवाजही त्याचा आणि वरचा किनराही त्याचाच. नाव कुठून आणलं, तर टीव्हीवरच्या एका ऑस्ट्रेलियन गुप्तहेर मालिकेतून! हॉलंड-बेल्जियममध्ये गाणं चाललं आणि टीव्हीवाले म्हणू लागले, गाणारे पाठवा. आता पाठवायचं कुणाला? मग माणसं गोळा झाली.

अरूबा बेटावरचा बॉबी फॅरेल त्यात नाचायला आला. असा नाचला, की आवाज त्याचाच असणार याबद्दल कुणाला शंकाच आली नाही. मलाही नाही. मी तर आरशासमोर त्याच्यासारखे हात फेकताना बहिणीच्या हाती सापडले होते, पण ते असो. 1976 च्या ‘डॅडी कूल’पासून तबकडीवरचा पुरुषी आवाज फारियनचा, बायकांचे आवाज लिझ मिचेल आणि मार्शा बॅरेट यांचे. चौथी मेझी विल्यम्स. स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रणात तिचा आवाज नाही. कार्यक्रमांत मात्र बॉबी स्वतः गायचा, हेही भाच्याला सांगा.

फसवणूक म्हणायची का? माझं मत असं: सिनेमातल्या पार्श्वगायनाला आपण फसवणूक म्हणत नाही, कारण गाणाऱ्याचं नाव उघड असतं. इथे चित्रावर एक माणूस आणि गळा दुसऱ्याचा, हे ऐकणाऱ्याला कळायला वाव नव्हता. तरी फारियनने ही गोष्ट पुढे उघड सांगितली आणि फारसं कुणी मनावर घेतलं नाही. पुढे त्यानेच मिली व्हॅनिली हे दोघे उभे केले. त्यांच्या अल्बमवर त्यांचा आवाजच नव्हता. 1990 मध्ये त्यांना ग्रॅमी मिळालं आणि त्याच वर्षी काढूनही घेतलं गेलं. शिव्या मात्र जास्त त्या दोन पोरांनी खाल्ल्या. मला तो हिशेब आजही पटत नाही.

मला खरी चुटपुट लिझ मिचेलबद्दल वाटते. बॉबीवरून नजर हटवा आणि डोळे मिटून ऐका. गाणं तिच्या गळ्यावर उभं आहे, आणि आपण बघत राहिलो त्या नाचणाऱ्याकडे.

आणि एक विलक्षण योगायोग. बॉबी गेला 30 डिसेंबर 2010 ला, सेंट पीटर्सबर्गमध्ये. रशियाच्या झारच्या दरबारात वजन असलेल्या ज्या रास्पुतिन नावाच्या साधूवरच्या गाण्यावर तो आयुष्यभर नाचला, त्या रास्पुतिनचा खून त्याच शहरात, 30 डिसेंबर 1916 ला झाला होता.

प्रश्न: आता अ‍ॅबा या स्वीडिश बँडबद्दलही धाकधूक वाटते. तिथे तरी त्या दोघीच गायच्या ना?

उत्तर: त्याच, अग्नेथा आणि ॲनी-फ्रिड. आवाज दोघींपेक्षा जास्त जणींचा भासतो, कारण ध्वनिमुद्रक मायकेल ट्रेटो त्यांच्याकडून तीच ओळ पुन्हा पुन्हा गाऊन घेऊन एकावर एक चढवायचा आणि मध्येच टेपचा वेग किंचित बदलायचा. सुरात केसाएवढा फरक पडतो आणि गाणं भरून येतं. हेडफोन लावून ऐका, भाच्यालाही ऐकवा.