रात्रपाळीवरच्या पोरीस

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

परवा रात्री पावणेतीनला तू फोन केलास, रडलीस, आणि सकाळी मेसेज टाकलास, "सॉरी मावशी, उगाच झोपमोड केली." झोपमोड कसली गं? बत्तीस वर्षं वॉर्डात काढली की झोप अशीही कायमची पातळच राहते. मला वाईट याचं वाटलं, की तुझ्याशी नीट बोलता आलं नाही. तुझा हुंदका, मागे मॉनिटरची टिकटिक, आणि तेवढ्यात कुणीतरी "सिस्टर, सलाईन संपली" म्हणून हाक मारली. तू गेलीस. मी मात्र उजाडेपर्यंत मनातल्या मनात तुझ्याशी बोलत होते. तेच आता लिहून काढतेय.

बारा नंबरच्या आजी गेल्या. त्यांचा हात तुझ्या हातात होता. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर सीनिअर म्हणाल्या, "असं मनाला लावून घेशील तर ही नोकरी जमायची नाही." आणि तू मला विचारलंस, "मावशी, दगड व्हावंच लागतं का?"

नाही, बाळा. अजिबात नाही. त्या सीनिअरवरही राग धरू नकोस. एकटीच्या अंगावर चाळीस पेशंट घेऊन रात्री काढलेली बाई कधी कधी असं बोलून जाते, कारण तिलाही रडायला कुणी वेळ दिलेला नसतो. पण तिचं म्हणणं खरं मानू नकोस. डोळ्यांत पाणी आलं म्हणून कुणाचं नुकसान झालं, असं मी एकदाही पाहिलं नाही. घाबरून गप्प बसल्यानं झालेलं नुकसान मात्र पाहिलंय, आणि ते माझ्याच हातून होता होता राहिलं. ही गोष्ट तुला आजवर सांगितली नव्हती.

१९९८ सालची. मेडिकल वॉर्ड, संध्याकाळची ड्युटी. एक निवृत्त गुरुजी मधुमेहासाठी ॲडमिट होते, जेवणाआधी वीस युनिट इन्सुलिन. आपल्याकडची व्हायल, म्हणजे इन्सुलिनची बाटली, चाळीसची, एका मिलीत चाळीस युनिट, आणि सिरिंजही चाळीसची, लाल टोपीची. हात इतका बसलेला, की विसाच्या रेघेपर्यंत ओढायचं आणि द्यायचं. त्या दिवशी गुरुजींच्या मुलानं परदेशातून आणलेली व्हायल फ्रिजमध्ये ठेवली होती. औषधाचं नाव ओळखीचं होतं. मी नाव वाचलं, आकडा वाचला नाही. इंजेक्शन देऊन झालं, व्हायल परत ठेवताना लेबल उजेडात आलं, आणि त्यावर शंभर लिहिलेलं दिसलं.

तुला गणित समजेल. चाळीसच्या सिरिंजवर विसाची रेघ म्हणजे अर्धा मिली. शंभरच्या व्हायलमधला अर्धा मिली म्हणजे पन्नास युनिट. विसाच्या जागी पन्नास. अडीचपट.

फ्रिजचं दार उघडंच होतं आणि थंड हवा पोटावर येत होती. गुरुजी पलंगावर बसून ताटाची वाट बघत होते, चांगले गप्पा मारत होते. कुणीही काही पाहिलं नव्हतं. त्या वेळी डोक्यात काय आलं ते तुला खरं सांगते. "जेवतील, साखर सावरेल. आपण लक्ष ठेवू. कशाला बोभाटा?" मी दहा मिनिटं तशीच उभी होते. माझ्या सगळ्या नोकरीत त्या दहा मिनिटांएवढी लाज मला दुसऱ्या कशाचीच वाटत नाही.

मग मी गेले आणि ड्युटीवरच्या डॉक्टरांना सांगितलं, "सर, माझ्याकडून चुकीचा डोस गेला. पन्नास युनिट. दहा मिनिटं झाली." आवाज कापत होता, पण आकडा आणि वेळ स्पष्ट सांगितली. डॉक्टर एक शब्द बोलले नाहीत, धावत आले. शिरेला सुई लावली, पंचवीस टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे शिरेतून द्यायचं साखरेचं पाणी, उशाशी तयार ठेवलं, दर अर्ध्या तासाला साखर तपासायची. साडेनऊला गुरुजींना घाम फुटला, बोटं थरथरायला लागली, साखर बावन्न. डेक्स्ट्रोज लगेच गेलं. ड्युटी संपली तरी मी घरी गेले नाही. पहाटेपर्यंत साखर वर-खाली होत राहिली, पण गुरुजी एकदाही बेशुद्ध पडले नाहीत.

मला मेमो मिळाला. गुरुजींचा मुलगा वॉर्डभर ऐकू जाईल असं बोलला, आणि त्याला तो हक्क होता. काही जणी पुढे कितीतरी महिने माझ्याशी तुटक वागल्या. सांगण्याची किंमत मोजावी लागली, हे तुझ्यापासून लपवत नाही. पण ती दहा मिनिटं मी तासाभरावर नेली असती तर काय झालं असतं, हा विचार अजूनही रात्री मला उठवून बसवतो. धैर्य म्हणजे मला तेव्हापासून एवढंच वाटतं, की फ्रिजपासून डॉक्टरांच्या खोलीपर्यंतची वीस पावलं चालून जायची.

शाळेत तुला सावित्रीबाईंचं धैर्य शिकवलं असेल. शाळेत जाताना अंगावर शेण-चिखल फेकला जायचा, तरी थांबल्या नाहीत, ते. मला मात्र त्यांचे शेवटचे दिवस फार जवळचे वाटतात, कारण ते आपल्या कामातले आहेत. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. त्यांचे दत्तक पुत्र डॉक्टर यशवंत यांनी हडपसरजवळ सासाणे मळ्यात दवाखाना काढला आणि सावित्रीबाई तिथं रोगी आणायला लागल्या. मुंढव्याला पांडुरंग बाबाजी गायकवाड नावाचा मुलगा प्लेगनं पडलाय असं कळलं. त्या गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत चालत आल्या. वय सहासष्ट. पोरगा जगला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून माणसाला होतो, हे सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं दाखवलं ते पुढच्या वर्षी, १८९८ मध्ये. म्हणजे नेमकं कशाला भ्यायचं हेही त्या दिवसांत लोकांना ठाऊक नव्हतं. हवेला भ्यायचं, कपड्यांना भ्यायचं, की शेजाऱ्याला? आणि पोरी, आपण दोघींनी पेशंट उचललेत. पाठीवर माणूस घेतलं की त्याचं डोकं आपल्या खांद्यावर पडतं, त्याचा श्वास आपल्या मानेला लागतो, तापाचा गरम श्वास. मुंढवा ते हडपसर तो श्वास त्यांच्या मानेवर होता. मला वाटतं, तेवढ्या वाटेत धैर्य कुठं संपलं आणि माया कुठं सुरू झाली, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

मायेबद्दल बोलायचं तर तुझं एक वागणं मी पाहिलंय, ते सोडू नकोस. मी तुला भेटायला आले होते त्या दिवशी ऑपरेशनच्या आदल्या रात्री एका म्हाताऱ्याच्या बायकोला तू सांगत होतीस, "मावशी, बारा वाजल्यानंतर यांना काहीच द्यायचं नाही. पाणी नाही, चहा नाही, तोंडात बडीशेपसुद्धा नाही. पोटात काही असलं तर भूल देताना ते वर येऊन श्वासात अडकतं." आणि मग तिच्याकडूनच ते पुन्हा म्हणवून घेतलंस. कितीतरी ऑपरेशनं मी पुढे गेलेली पाहिलीत, कारण कुणीतरी नुसतं "उपाशी ठेवा" म्हणून निघून गेलं. खेडेगावातल्या बाईला उपाशी म्हणजे भाकरी नाही, चहा-बिस्किट चालतं. तिची चूक काय? तू दोन मिनिटं थांबलीस. ती दोन मिनिटं कुठल्याच रजिस्टरमध्ये लिहिली जात नाहीत.

आता शेवटचं, जे लिहायला मला जड जातंय.

तू म्हणालीस, "बाबा बोलतच नाहीत. फोन केला की पैसे आहेत का, एवढंच." मी हसले नाही तेव्हा, कारण मला आमचे हे आठवले. हे एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. माझी संध्याकाळची ड्युटी नऊला सुटायची आणि शेवटच्या गाडीनं मी फाट्यावर उतरायचे. हे सायकल घेऊन उभे. रोज. "इकडं काम होतं," म्हणायचे. रात्री दहाला फाट्यावर कसलं काम? रविवारी माझे पांढरे बूट घ्यायचे, ब्रशनं माती काढायचे, ओल्या फडक्यानं पांढरं पॉलिश लावायचे आणि वर्तमानपत्रावर टाचा भिंतीला टेकवून वाळत ठेवायचे. नाड्या वेगळ्या धुऊन, वेगळ्या. त्या मेमोनंतरच्या सोमवारी मला कामावर जायचं धाडस होत नव्हतं. हे काही बोलले नाहीत. बूट दारात ठेवले, नाड्या ओवून.

सावित्रीबाईंनी जोतिरावांना लिहिलेली तीन पत्रं आहेत, १८५६, १८६८ आणि १८७७ सालची. कधी सवड झाली तर वाच. त्यांत भावाशी झालेला वाद आहे, गावानं मारायला काढलेल्या दोघांना वाचवल्याची हकीकत आहे, जुन्नरकडचा दुष्काळ आहे. सगळं कामाचं. आणि १८९० साली जोतिराव गेले तेव्हा टिटवं, म्हणजे प्रेतापुढे न्यायचं मडकं, कुणी धरायचं यावरून भाऊबंद भांडायला लागले, तर या बाईनं ते स्वतः उचललं आणि प्रेतयात्रेच्या पुढे चालायला लागली. त्या काळात.

पण मी तुला असंही सांगणार नाही, की न बोलता सगळं समजतं. हे गेले त्या वर्षी त्यांची साखर वाढली होती, पायाला जखम होती. मी निवृत्त झालेले. एका दुपारी त्यांच्या पायाची नखं काढत होते, सरळ, कोपरे न खोदता, जसं पेशंटना शिकवतो तसं. हे म्हणाले, "राहू दे आता. तुझी ड्युटी संपली की." मी खाली मान घालून म्हणाले, "ही ड्युटी नाही हो." एवढंच. एकेचाळीस वर्षांत एवढंच बोलले. ते काही म्हणाले नाहीत, पण पाय मागे घेतला नाही. ते चार शब्द आधी का नाही सुचले, असं मला रोज वाटतं.

म्हणून तुझ्या बाबांचं एक तुला सांगून टाकते. तुला नर्सिंगला घातलं त्या दिवशी ते माझ्याकडे आले होते. चहा झाला, पावसापाण्याचं बोलणं झालं. उठता उठता उंबऱ्यात थांबले आणि विचारलं, "ताई, रात्री वॉर्डात लाइट चालू असते का?" मला आधी कळलंच नाही. मग म्हणाले, "लहानपणी तिला अंधाराचं भ्या होतं. कंदील बारीक करून ठेवायला लागायचा." मी म्हटलं, "असते. वॉर्डातली लाइट कधीच जात नाही, जनरेटर असतो." त्यांनी दोनदा मान हलवली, टोपी नीट केली आणि गेले.

ते पहाटे पाचला धारा काढायला उठतात. तुझ्या सकाळच्या औषधांच्या राउंडआधी तुला पाच मिनिटं मिळतील.

तुझी
मावशी

ता. क. नाव वाचल्यावर थांबू नकोस. आकडाही वाच. मोठ्यानं.