बाबांची बंदूक, मुलाची बॅग आणि मोपाचं विमान

प्रश्न : आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, गाव सावंतवाडी तालुक्यात. वडील ७४ वर्षांचे आहेत. १९८९ पासून त्यांच्याकडे बारा बोअरची दुनळी बंदूक आहे. परवाना त्यांच्या नावावर, चालू, क्षेत्र ‘महाराष्ट्र राज्य’. एप्रिलमध्ये गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी त्यांना ठाण्याला आणलं तेव्हा गावचं घर बंद राहणार म्हणून बंदूकही गाडीतून सोबत आली. आता गणपतीला सगळे गावी निघालोय. बाबांना गाडीत दहा-बारा तास बसवणार नाही, म्हणून नवी मुंबई ते मोपा अशी विमानाची तिकिटं काढली आहेत. बंदूक माझ्या चेक-इन बॅगेत ठेवली तर चालेल का? एक स्नेही म्हणतात, नळी एका बॅगेत आणि दस्ता दुसऱ्या बॅगेत घाला, मग ती बंदूक राहतच नाही, कोणाला सांगायचीही गरज नाही. — एक वाचक, ठाणे

उत्तर : सप्रेम नमस्कार. बंदूक तुमच्या बॅगेत ठेवू नका. या तिकिटावर बाबांच्या बॅगेतही ठेवू नका. दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

आधी तुमच्या स्नेह्यांच्या सल्ल्याबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्राचे भाग येतात. नळी सुटी केली म्हणून ती लोखंडाचा पाइप होत नाही. चेक-इन केलेली बॅग विमानात चढण्याआधी एक्स-रे यंत्राखालून जाते, आणि बारा बोअरच्या दोन नळ्या पडद्यावर ओळखायला कोणाला कष्ट पडत नाहीत. उलट, दोन बॅगांत वाटून न सांगता नेलेली बंदूक म्हणजे लपवण्याचा हेतू होता, हे तुम्हीच लिहून दिल्यासारखं होईल. परवाना चालू असणारा, कोणाचं कधी वाईट न केलेला माणूस अशा सल्ल्याने आरोपी होतो.

आता तुमची बॅग. बॅगेला जो टॅग लागतो तो तुमच्या नावाचा. बंदूक सापडली की पहिला प्रश्न येणार, परवाना कोणाचा? तुमचा नाही. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्यासाठी कलम २५(१ब)(अ) लागतं आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात किमान २ वर्षं, कमाल ५ वर्षं कैद आणि दंड आहे. कलम ३ मध्ये एक सवलत आहे खरी. परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, दुरुस्तीसाठी, परवाना नूतनीकरणासाठी किंवा त्याच्या स्वतःच्या वापरासाठी दुसऱ्या माणसाला शस्त्र नेता येतं. एप्रिलमध्ये बाबा गाडीत शेजारी बसलेले असताना तुम्ही बंदूक आणलीत, त्याला या सवलतीचा आधार आहे. पण तुमच्या नावाचा टॅग लावून बॅग पट्ट्यावर गेली आणि बाबा व्हीलचेअरवरून दुसऱ्या रांगेत गेले, तर ‘समक्ष’ या शब्दावर कोर्टात वाद घालत बसावं लागेल. तो वाद कदाचित आपण जिंकू. पण तोवर तुमची नोकरी, पासपोर्ट, घरच्यांची झोप, सगळं टांगणीला लागलेलं असेल.

मग बाबांच्या नावाने, रीतसर सांगून न्यावी का? एरवी परवानाधारकाला शस्त्र विमानाने नेता येतं. केबिनमध्ये नाही, फक्त चेक-इन सामानात. तिकीट काढताना किंवा त्यानंतर लगेच विमान कंपनीला कळवून होकार घ्यायचा, कारण नाही म्हणण्याचा अधिकार कंपनीला आहे. विमानतळावर वेळ हाताशी ठेवून जायचं, बॅग मशीनवर टाकून मोकळं न होता काउंटरवर माणसासमोर उभं राहून सांगायचं, मूळ परवाना दाखवायचा (झेरॉक्सवर विसंबू नका), फॉर्म भरायचा. बंदूक रिकामी आहे याची तपासणी होते. ती कुलूपबंद, टणक पेटीत असावी. काडतुसं वेगळी, घट्ट बांधलेली. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे काडतुसांचं बांधणीसकट वजन माणशी ५ किलोंच्या वर जाता कामा नये, आणि घरातल्या दोघांची मर्यादा एकत्र करून १० किलो असा हिशेब चालत नाही. शिवाय परवान्यावर एका वेळी किती काडतुसं बाळगता येतील याचा आकडा असतो. तो कमी असेल तर तोच पाळायचा. कोकणात अजून ठासणीच्या, म्हणजे नळीत दारू ठासून भरायच्या बंदुका आहेत, म्हणून हेही सांगतो की बंदुकीची सुटी दारू विमानात कोणत्याच सामानातून नेता येत नाही.

हे सगळं बाबांनी जसंच्या तसं केलं तरी तुमच्या प्रवासात एक खोट उरते. मोपाचं विमानतळ पेडणे तालुक्यात आहे, म्हणजे गोव्यात. सावंतवाडीच्या माणसाला ते घरचं विमानतळ वाटतं, पत्रादेवीची सीमा ओलांडली की आपण महाराष्ट्रातल्या बांद्यात. पण बाबांच्या परवान्यावर ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलंय. विमान उतरलं आणि पेटी त्यांच्या हातात आली, की तिथून हद्द ओलांडेपर्यंत ते परवान्याच्या क्षेत्राबाहेर शस्त्र घेऊन उभे आहेत. अंतर किती, हे कायदा विचारत नाही. परवान्याच्या अटीचा भंग झाला तर कलम ३० आहे, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. पण क्षेत्राबाहेर परवाना लागूच नाही असं धरून पोलिसांनी कलम २५ लावलं, तर जामिनापासून सुरुवात. आणि हा खटला ठाण्यात चालणार नाही, गोव्यात चालेल. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला तारखांना तिकडे जावं लागेल. काउंटरवर चोख अधिकारी असेल तर तो क्षेत्राचा रकाना वाचून नवी मुंबईतच अडवेल, आणि ते खरं तर तुमचं नशीब म्हणावं लागेल.

चिपीचं विमानतळ सिंधुदुर्गात, म्हणजे महाराष्ट्रात आहे. तिथलं विमान मिळालं तर हा हद्दीचा प्रश्नच राहत नाही. परवान्याचं क्षेत्र वाढवून मागता येतं, पण पोलीस अहवाल वगैरे होऊन ते गणपतीच्या आत हातात पडेल, या भरवशावर राहू नका.

म्हणून माझा सल्ला असा की बाबांनी ठरल्याप्रमाणे विमानाने जावं आणि बंदूक ठाण्यातच ठेवावी. पण बंद फ्लॅटच्या कपाटात नाही. ज्या परवानाधारक शस्त्रविक्रेत्याला शस्त्रं सांभाळायला घेण्याची मुभा आहे त्याच्याकडे, नाहीतर पोलीस ठाण्यात, बाबांनी स्वतः जाऊन जमा करावी आणि पावती घ्यावी. निवडणुकीच्या वेळी गावाला ते बंदूक जमा करतच आले असतील, त्यांना यात नवीन काही वाटणार नाही. पुढे त्यांचे गुडघे सावरले की टप्प्याटप्प्याने, चिपळूणला मुक्काम करून, दोघं गाडीने घेऊन जा. मुंबई-गोवा महामार्ग सावंतवाडीपर्यंत महाराष्ट्रातूनच जातो.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट मला तुमच्या पत्रात दिसली. बंदूक एप्रिलपासून ठाण्यात आहे. परवान्यावरच्या पत्त्याहून दुसरीकडे ३० दिवसांपेक्षा जास्त राहायला गेलं आणि शस्त्र सोबत असलं, तर नव्या जागच्या आणि मूळच्या, अशा दोन्ही परवाना प्राधिकाऱ्यांना कळवायचं असतं. तुमच्या बाबतीत ठाणे पोलीस आयुक्तालय आणि ओरोसचं सिंधुदुर्ग जिल्हाधिकारी कार्यालय. ते राहून गेलेलं दिसतं. जमा करायला जाण्याआधी बाबांच्या सहीचं साधं पत्र दोन्हीकडे द्या : ऑपरेशनसाठी आलो, घर बंद होतं म्हणून शस्त्र सोबत आणलं, कळवायला उशीर झाला. डिस्चार्ज कार्डाची प्रत जोडा, पोच घ्या. आपण होऊन दिलेल्या पत्राकडे अधिकारी वेगळ्या नजरेने बघतात, हे मी अनेकदा पाहिलंय. त्याच वेळी परवान्यावर यूआयएन, म्हणजे परवानाधारकाचा विशिष्ट ओळख क्रमांक आहे ना तेही बघून घ्या, कारण त्याच्याशिवाय जुना परवाना ग्राह्य धरत नाहीत.

वारसाबद्दलही आताच विचार करा. शस्त्र नियम, २०१६ च्या नियम २५ प्रमाणे परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा शस्त्र २५ वर्षं बाळगून झाली, यातलं जे आधी घडेल तेव्हापासून तो हयातीतच वारसाला नामनिर्देशित करू शकतो. बाबा दोन्हींत बसतात. परवाना आपोआप तुमच्या नावावर होत नाही, तुम्हाला स्वतःचा अर्ज आणि पोलीस पडताळणी चुकणार नाही. पण हे आधी झालेलं असलं की त्यांच्यामागे घरात एक बेवारस बंदूक आणि दुःखातली माणसं, अशी वेळ येत नाही. तशी वेळ आलीच, तर बंदूक विनाविलंब जमा करणं कायद्याने बंधनकारक आहे.

राहिली ती काडतुसं. विमानतळावरची जी प्रकरणं माझ्याकडे आली त्यांत बंदुकीची कमी आणि विसरलेल्या एका काडतुसाची जास्त. गावाहून आलेली जुनी बॅग, तिच्या चोरकप्प्यात कधीतरी राहून गेलेलं एखादं काडतूस. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल प्रकरणात सांगितलंय की ताब्यामागे जाणीव हवी, १९९४ च्या संजय दत्त प्रकरणातही ‘जाणीवपूर्वक ताबा’ हीच कसोटी लावली, आणि तिच्या आधारे उच्च न्यायालयांनी असे अनेक एफआयआर रद्द केलेत. तरी माझ्या एका अशिलाला तो आदेश मिळायला सव्वा वर्ष लागलं, आणि ज्या लग्नासाठी तो निघाला होता ते त्याच्याविना झालं.

तेव्हा बाबा ज्या बॅगा घेऊन एप्रिलमध्ये आले, त्या प्रवासाला वापरू नका. वापरायच्याच असतील तर बाबांना शेजारी बसवून एकेक कप्पा उलटा करून झटका, त्यांचं जाकीट आणि काठीची पिशवीसुद्धा. परवान्यावर नोंदवलेली काडतुसं आणि हातात असलेली काडतुसं मोजा. एक जरी कमी भरलं तर ते सापडेपर्यंत बॅग भरायला घेऊ नका.