पट्ट्यावरचा आकडा आणि बाळाची हालचाल

अगं, घरी पोटातल्या बाळाचे ठोके बघायचा पट्टा घ्यावासा वाटतो, हे मी समजू शकते. दुसऱ्या खेपेला मीही वापरला. घे हवं तर, पण तुझ्या डॉक्टरांनी सुचवला असेल आणि नोंदी त्या स्वतः पाहणार असतील तरच.

या पट्ट्यातले पोटावर चिकटवायचे सेन्सर बाळाच्या हृदयाचे विद्युत संकेत टिपतात. ते तुझ्या हृदयाच्या संकेतांपेक्षा फार क्षीण असतात. त्यात साधारण २८ ते ३२ आठवड्यांत बाळाच्या अंगावरचा पांढरा चिकट थर ते आणखी अडवतो. त्या काळात रेघ तुटली म्हणून लगेच धसका घेऊ नकोस. कूस बदल, पट्टा नीट लाव.

याच्या उलट होणारी चूक जास्त घातक. बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० असतात, पण घाबरलेल्या आईची नाडीही ११०च्या वर जाते आणि यंत्र कधी तीच दाखवतं. ठोके ऐकवणाऱ्या हातातल्या डॉपलर यंत्रावर तर वारेतल्या रक्ताची सळसळही बाळाचीच वाटते. म्हणून मनगटावर बोटं ठेवून आपली नाडी ताडून बघ.

एका संध्याकाळी माझं बाळ नेहमीसारखं हलत नव्हतं, पट्ट्यावर मात्र १४० दिसत होते. सासूबाई म्हणाल्या, आकडा राहू दे, दवाखान्यात चल. तिथे एनएसटी, म्हणजे बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढायची तपासणी केली, सगळं ठीक निघालं. तरी गेलो तेच बरोबर होतं. हालचाल कमी वाटली तर तू यंत्र लावत बसू नकोस, गोड खाऊन वाटही बघू नकोस. मध्यरात्र असली तरी नीघ.