सोलापुरात क्लेमाटिस का करपते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुळे सोलापुरात घर, पश्चिमेच्या कंपाउंडलगत काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत मोठ्या जांभळ्या फुलांचं क्लेमाटिस (ही एक फुलवेल) मार्चमध्ये लावलं, मेअखेर खालची पानं करपली, एक फांदी अचानक काळी पडली. रोज दोनदा पाणी घालूनही कमी पडतंय का?

पाणी कमी पडलेलं नाही, उलट जास्त झालंय. चुकली ती जागा, महिना आणि कुंडी.

आधी फांदीचं बघू. उन्हाने मान टाकलेली वेल दिवेलागणीपर्यंत पुन्हा ताठ होते. तशी झाली नाही आणि पेऱ्याजवळ खोड काळं दिसलं, तर तो बुरशीचा मर रोग धरा. फांदी हिरव्या, निरोगी भागापर्यंत कापा, गरज पडली तर थेट मातीपर्यंत. कात्री स्पिरिटने पुसा आणि कापलेलं कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. हातमोजे घाला, या वेलीच्या रसाने कातडीची आग होते. कुंडी मात्र एवढ्यात उपसू नका. मातीतल्या पेऱ्यांमधून नवे कोंब फुटू शकतात. म्हणूनच क्लेमाटिस पिशवीत होतं त्यापेक्षा 5 ते 7 सेंमी खोल लावतात. बहुतेक झाडांचं असं केल्यावर खोड कुजतं, इथे तोच विमा असतो.

आता मुळं. या वेलीला शेंडा उजेडात आणि पाय गारव्यात लागतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42-43 ला टेकतो, आणि पश्चिमेचं ऊन खाणारी काळी कुंडी त्याहून तापते. तापलेल्या ओल्या मातीत मुळं शिजतात, मग कुजतात. पूर्वेच्या भिंतीशी, सकाळी तीन-चार तास ऊन येईल अशी जागा द्या. कुंडी मातीची, किमान 18 इंच रुंद आणि तितकीच खोल हवी. ती आणखी मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत वाळू भरा आणि वाळू ओली ठेवा. रांजणाचीच युक्ती आहे ही. मातीवर चार बोटं पाचट पसरा, पण खोडाला चिकटू देऊ नका. मार्च ते जून वर 50 टक्क्यांची शेडनेट.

शेतातली काळी माती भरू नका. ती पावसात फुगून हवा कोंडते आणि उन्हाळ्यात भेगाळली की बारीक मुळं तोडते. दोन भाग पोयटा, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड पुरे. पाणी पहाटे, बोट दोन पेरं आत घालून कोरडं लागलं तरच, तळातून निथळेपर्यंत. बोअरचं पाणी असेल तर कुंडीच्या काठावर पांढरी खपली धरते, ते क्षार. पावसाळ्यात पत्र्यावरून धरलेलं 15-20 लिटर पाणी एकदा कुंडीतून वाहू द्या. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडतंय, खत वाढवून उपयोग नाही. फेरस सल्फेट लिटरला 5 ग्रॅम, त्यात 1 ग्रॅम सायट्रिक आम्ल, ऊन उतरल्यावर फवारा.

आधाराला पाइप किंवा जाड बांबू देऊ नका. ही वेल पानाच्या देठाने विळखा घालते, आणि पेन्सिलीहून जाड काहीही तिला धरता येत नाही. तुराट्या आडव्या-उभ्या सुतळीने बांधा, तेवढ्यात काम होतं.

एक कटू गोष्ट: वसंतात जुन्या फांदीवर फुलणाऱ्या मोठ्या फुलांच्या संकरित जातींना खरी थंडी लागते. आपल्या जानेवारीत रात्री 14-15 अंशांपर्यंत उतरून ती भागत नाही. वेल जगेल, पण कॅटलॉगमधल्या फोटोसारखी लगडणार नाही. हौस असेलच तर विटिसेला किंवा टेक्सेन्सिस गटातली, नव्या फुटीवर फुलणारी जात घ्या आणि जानेवारीच्या सुरुवातीला जमिनीपासून 30 सेंमीवर, फुगीर डोळ्यांच्या जोडीच्या वर छाटा. लागवड ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. स्वस्त निळ्या क्लेमाटिसच्या बियांची पाकिटं घेऊ नका. संकरित जातीचं बी आईसारखं उतरत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर मोरवेल लावली असती. तीही क्लेमाटिसच, आपल्या डोंगरकुंपणांवरची. पावसाळा सरता सरता पांढरी फुलं येतात, नंतर पिसासारखे रुपेरी तुरे राहतात. जाणकार रोपवाटिकेतूनच घ्या, कारण मोरवेल म्हणून भलतंच काही गळ्यात मारतात. समोरासमोर पानं आणि देठाचा विळखा, या दोन खुणा तपासा. एक वेल मिळाली की जुलैत तिची लवचिक फांदी वाकवून एक पेर मातीत दाबा, वर दगड ठेवा. मुळं धरल्याशिवाय मूळ वेलीपासून तोडू नका, हलकं ओढून बघितलं की कळतं.